कारखाना बंद झाला, साचे मात्र टिकले

सुट्या भागांच्या दुकानात गिऱ्हाईक आले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ओरिजिनल आहे का?’ दुकानदाराचे उत्तरही ठरलेले, ‘कंपनीचा माल आहे.’ दोघांचे समाधान होते आणि व्यवहार पार पडतो. पण जिचे नाव घेतले ती कंपनीच बंद पडली असेल, तर ओरिजिनल कशाला म्हणायचे? इंग्लंडमध्ये जुन्या स्पोर्ट्स मोटारी नव्याने उभ्या करणाऱ्या कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना हा प्रश्न गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे रोज पडतो आहे आणि त्याच्या उत्तरावर तेथे एक अख्खा धंदा उभा आहे. गॅरेज, लेथ, डेंटिंग-पेंटिंग, भंगार आणि स्पेअर पार्ट या व्यवसायांत आपली पुष्कळ माणसे आहेत. म्हणून या धंद्याची हकीकत आम्ही येथे जरा सविस्तर देत आहोत.

गाडीचे नाव एम.जी.बी. यातील एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड शहरातील एका मोटार-दुकानाचे हे नाव. १९२९ साली एम.जी.चा कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला आणि पुढची पन्नास वर्षे तेथून दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या गाड्या बाहेर पडत राहिल्या. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये एम.जी.बी. बाजारात आली तेव्हा तिची मूळ किंमत ६९० पौंड होती. कर धरून ती सुमारे ९५० पौंडांवर जाई. ही काही लॉर्ड-नवाबांची गाडी नव्हती. पगारदार तरुणाने जिद्द धरली तर त्याला ती घेता येत असे. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला, तोपर्यंत या एकाच नमुन्याच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. त्यांतला फार मोठा हिस्सा जहाजाने अमेरिकेला गेला होता. मालक कंपनी ब्रिटिश लेलँड त्या काळी सरकारी पैशावर कशीबशी तग धरून होती. तिला तोटा कमी करायचा होता, त्यात ॲबिंग्डनचा बळी गेला.

कारखाना बंद झाला की पुढे काय होते हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. काही वर्षे गोदामातला माल विकला जातो. मग भंगारातल्या गाड्यांचे भाग काढून काम भागवतात. मग ‘लोकल’ माल येतो, आणि शेवटी गाडीच रस्त्यावरून नाहीशी होते. एम.जी.बी.च्या बाबतीत ही साखळी मध्येच तुटली. कशी तुटली ते पाहण्यापूर्वी या गाडीची आणि आपली एक जुनी नातेगोत्याची गोष्ट सांगणे भाग आहे.

अम्बॅसडरची चुलत बहीण

एम.जी.बी.चे इंजिन ‘बी सिरीज’ नावाच्या घराण्यातले, १७९८ सी.सी.चे. याच घराण्यातले १४८९ सी.सी.चे इंजिन अनेक वर्षे हिंदुस्थान मोटर्सच्या अम्बॅसडरमध्ये बसत होते. एम.जी.बी.च्या आधीची एम.जी.ए. १९५५ साली आली तेव्हा तीही या १४८९ सी.सी.च्या इंजिनावरच धावत होती. लहान आणि मोठ्या, दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक एकच, ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. फरक मुख्यतः बोअरमध्ये. लहान इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर, तर मोठ्याचा ८० च्या थोडा वर. पुशरॉडवर चालणारे टॅपेट तेच, आणि पेट्रोल आत येण्याची व धूर बाहेर जाण्याची तोंडे हेडच्या एकाच बाजूला, तीही तशीच. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर अम्बॅसडरची हेडे उतरवली, त्याच्यासमोर एम.जी.बी.चे बोनट उघडले तर दोन कार्बोरेटर पाहून तो क्षणभर थबकेल. पुढे मात्र त्याचे हात आपोआप चालतील. ज्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी इंग्लंडात तासाला भरभक्कम मजुरी मोजली जाते, त्यांचे इंजिन आमच्या जुन्या कारागिरांना तोंडपाठ आहे. ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून आम्ही ती येथे नोंदवतो.

पाने इंची लागतात, हेही आमच्या लोकांना नवीन नाही. त्याहून जुन्या एम.जी. टी.सी. या गाडीची मात्र गंमत आहे. तिच्या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ पान्याच्या मापाची! मॉरिस कंपनीने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेन्ट्रीतील इंजिन कारखाना विकत घेतला होता. आटे पाडणारी यंत्रे तेथे फ्रेंच मापाची, आणि इंग्लंडातल्या गॅरेजमधले पाने इंग्रजी मापाचे. मग दोघांचीही सोय केली गेली. बाजारात मिळणारा कोणताही बोल्ट तेथे चालत नाही, आणि असा एकेक बोल्ट बनवून देणाऱ्या छोट्या लेथवाल्यांचे पोट त्यावर चालते.

गंजाचा हिशेब

इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. एम.जी.बी.ला खरा मार बसतो तो गंजाचा. जीपला किंवा ट्रकला असते तशी वेगळी चेसिस या गाडीला नाही. पत्रा दाबून, वाकवून, जागोजागी स्पॉट वेल्डिंग करून जी पेटी तयार होते, तोच तिचा सांगाडा. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक पोकळ पट्टी जाते, तिला ‘सिल’ म्हणतात. बाहेरून ती एक दिसते, पण आत तीन-चार पत्रे एकमेकांना जोडलेले असतात. वर टप नाही, म्हणजे गाडीचा सारा भार या दोन पट्ट्यांवर. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते खारे पाणी पोकळीत शिरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग चकचकीत, आत भुगा.

येथेच कच्च्या आणि पक्क्या कारागिराचा फरक दिसतो. कच्चा कारागीर बाहेरच्या पट्टीवर नवा पत्रा ठोकतो, पुट्टी भरतो, रंग मारतो. दोन वर्षांनी दार लागेनासे होते, कारण गाडी मध्यभागी वाकलेली असते. पक्का कारागीर सिल कापण्यापूर्वी दाराच्या पोकळीत आडवे लोखंडी टेकू वेल्ड करतो, गाडी सपाट आधारावर ठेवतो, मापे लिहून घेतो आणि एका वेळी एकच बाजू उघडतो. प्रत्येक टप्प्यावर दार पुन्हा बसवून फट मोजतो. आसनांच्या मागे दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या पेट्या असतात (१९७४ नंतर एकच बारा व्होल्टची बॅटरी आली). त्या जवळजवळ नेहमीच सडलेल्या निघतात. एका गाडीच्या पत्राकामाचेच शेकडो तास होतात. अमेरिकेच्या कोरड्या प्रांतांतून, कॅलिफोर्निया-ॲरिझोनातून, जुन्या एम.जी.बी. परत इंग्लंडात आणण्याचा व्यापार त्यामुळेच सुरू झाला. तिकडे ऊन लागून आसनांचे कातडे फाटते, पण पत्रा शाबूत राहतो. कातडे बदलणे पत्रा बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

साचा हीच पुंजी

आता मूळ मुद्दा. मडगार्ड किंवा दाराचा पत्रा हाताने ठोकून बनवता येतो, पण तो कारखान्यातल्या पत्र्याशी तंतोतंत जुळत नाही. तंतोतंत जुळायचा तर प्रेसमध्ये लावायचा मूळ साचा, म्हणजे डाय, हवी. डाय बनवण्याचा खर्च प्रचंड असतो. पाच लाख गाड्यांवर तो वाटला गेला तेव्हा गाडीमागे किरकोळ पडला. आता वर्षाला काही शे पत्रे विकणाऱ्या माणसाने नवी डाय करायची म्हटली तर हयातीत खर्च निघणार नाही. म्हणजे धंद्याची सारी किल्ली जुन्या साच्यात. तो टिकला तर त्यातून निघणारा पत्रा पोलाद, मजुरी आणि प्रेसच्या भाड्यात पडतो. भंगारवाल्याने तो वजनावर उचलला तर वितळलेल्या लोखंडाचे चार पैसे हाती येतात आणि मागे राहिलेल्या लाखो गाड्यांच्या दुरुस्तीचा मार्ग कायमचा बंद होतो.

ब्रिटिश लेलँडने १९७५ मध्ये आपल्या जुन्या गाड्यांचा वारसा सांभाळण्यासाठी एक वेगळी शाखा काढली होती. ती पुढे ब्रिटिश मोटर हेरिटेज या नावाने ओळखली जाऊ लागली. या कंपनीच्या कारभाऱ्यांनी, त्यांत डेव्हिड बिशप यांचे नाव विशेष घेतले जाते, एम.जी.बी.चे जुने साचे शोधून काढले, ते साफ करवले, पत्रे जुळवण्यासाठी लागणाऱ्या चौकटी उभ्या केल्या आणि १९८८ साली ऑक्सफर्डशायरमधील फॅरिंग्डन येथून एम.जी.बी.चा संपूर्ण नवा सांगाडा बाजारात आणला. कारखाना बंद होऊन आठ वर्षे झाली होती. मूळ साच्यातून निघालेला, मूळ जागी वेल्डिंग केलेला, दारे-बोनट-डिकीसह कोरा सांगाडा! ज्याची गाडी गंजून संपली होती त्याने आपले इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, चाके काढायची आणि या नव्या पेटीत बसवायची. १९९१ मध्ये धाकट्या एम.जी. मिजेटचा सांगाडाही आला.

या कामाचा एक फायदा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. मूळ कंपनीची वारसदार रोव्हर ही अनेक वर्षे खऱ्या एम.जी. स्पोर्ट्स गाडीवाचून बसली होती. १९९२ मध्ये तिने एम.जी. आर.व्ही.८ नावाची गाडी काढली. तिचा सांगाडा बेतला होता तो या हेरिटेजच्या एम.जी.बी. सांगाड्यावरच. जेमतेम दोन हजार गाड्या बनल्या आणि बहुतेक जपानी गिऱ्हाइकांनी उचलल्या. म्हणजे सुट्या भागांच्या धंद्यानेच कंपनीला पुन्हा गाडी दिली. पुढे रोव्हर बी.एम.डब्ल्यू.कडे गेली. हेरिटेज कंपनी २००१ साली खाजगी मालकीत गेली, रोव्हर २००५ मध्ये बुडाली, एम.जी. हे नाव चिनी मालकाकडे गेले, पण विटनी गावातून हे सांगाडे अद्याप निघत आहेत. किंमत आज दहा हजार पौंडांच्या पुढे आहे. बऱ्यापैकी चालती एम.जी.बी. त्याच्या आसपास किंवा कमीतही मिळते. तेव्हा केवळ नफ्यासाठी असे काम करवून घेणाऱ्याचा हिशेब बहुधा जमत नाही. गाडी ठेवायची आहे, बापाची आहे, आपल्या तरुणपणाची आहे, असाच माणूस हा खर्च करतो.

कार्बोरेटरचेही असेच. एस.यू. हे नाव जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहेच. मोटारींत इंजेक्शन आले आणि कार्बोरेटरचे दिवस संपले. तेव्हा सॉल्झबरीच्या बर्लेन नावाच्या एका व्यावसायिक कंपनीने १९९६ साली एस.यू.चे नाव आणि हक्क घेतले. आज साठ वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरची सुई, जेट, डायफ्राम, सारे काही तेथे नवे मिळते. ज्या मालाला मोठ्या कारखान्याने निरुपयोगी ठरवले तो छोट्या माणसाला पिढीभर पुरला.

एक कोटी पौंडांचा खटला

सांगाडा नवा, इंजिन जुने, आसने नवी, चाके जुनी. मग ही गाडी १९६५ ची की आजची? प्रश्न तात्त्विक वाटतो, पण त्यावर लाखोंचे व्यवहार अडतात. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात असाच एक गाजलेला खटला चालला. गाडी होती बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’, जिने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची शर्यत जिंकली होती. सौदा ठरला होता एक कोटी पौंडांना. खरेदीदाराने मागे फिरून सांगितले की शर्यत जिंकलेल्या गाडीचे मूळ भाग यात जवळपास उरलेलेच नाहीत, तेव्हा ही ती गाडी नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी बारकाईने इतिहास तपासला. मूळ गाडी जशीच्या तशी राहिलेली नाही हे त्यांनी मान्य केले. मात्र भाग एकेक करून, दीर्घ काळात, गाडी चालू असतानाच बदलत गेले, तिची ओळख कधी तुटली नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, असे त्यांनी ठरवले. निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. विकले जात होते ते लोखंडाबरोबरच तिचे नाव आणि इतिहासही.

आमच्या मते या निकालातील खरी मेख ‘ओळख तुटली नाही’ या शब्दांत आहे. ओळख टिकते ती कागदांवर आणि आकड्यांवर. एम.जी.बी.च्या नंबरपट्टीवर जी.एच.एन. ३ अशी सुरुवात असते. त्यात जी म्हणजे एम.जी., एच म्हणजे इंजिनाचा वर्ग, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी. बंद टपाच्या जी.टी.ला डी. ॲबिंग्डनच्या कारखान्यातील उत्पादनाच्या नोंदी शाबूत राहिल्या. गेडन येथील ब्रिटिश मोटर संग्रहालयाकडून त्यांवरून दाखला मिळतो. गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, रंग कोणता होता, इंजिन नंबर काय, कोणत्या देशात पाठवली, हे सारे त्यात असते. लाल गाडी मुळात हिरवी होती, हे मालकाला अनेकदा या दाखल्यावरून प्रथम कळते. इंजिनाचा नंबर जुळला नाही म्हणजे लबाडी झाली असे मात्र समजू नये. कंपनी स्वतःच ‘गोल्ड सील’ नावाने तयार केलेली इंजिने बदलून देत असे. लबाडी होते ती भंगारातल्या गाडीची नंबरपट्टी उचलून दुसऱ्याच सांगाड्यावर ठोकली जाते तेव्हा. तेथील परिवहन खात्याने अनेक वर्षे गुणांची एक पद्धत चालवली. चेसिस किंवा सांगाड्याला पाच गुण, इंजिनाला अवघा एक, आणि जुना नंबर टिकवायला आठ गुण आवश्यक. सांगाडा मूळचा हवा किंवा थेट उत्पादकाकडून आलेला कोरा हवा. हेरिटेजच्या सांगाड्याला मागणी येण्याचे हेही एक कारण.

ओरिजिनल नेहमीच चांगले असेही नाही. इंग्लंडात २००० च्या आरंभी शिसे असलेले पेट्रोल बंद झाले. भारतातही त्याच वर्षी ते संपले. जुन्या बिडाच्या हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका शिशामुळे वाचत असत. आता हेड उघडले की तेथे कठीण धातूच्या सीट बसवाव्या लागतात. जुन्या पद्धतीची रबरी पेट्रोल नळी आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने लवकर झिजते, तेव्हा तीही बदललेलीच बरी. उलट काही भागांत नवा स्वस्त माल घात करतो. डिस्ट्रिब्युटरचा रोटर हा किरकोळ किमतीचा तुकडा, पण मध्यंतरी अशा हलक्या मालाने अनेक गाड्या रस्त्यात बंद पाडल्या. हजारो पौंड खर्चून उभी केलेली गाडी चार पैशांच्या रोटरमुळे टोइंगच्या गाडीवर चढते. तेव्हा जाणता दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो की हा भाग दिसायला ओरिजिनल हवा, की कामाला? दोन्हींचे उत्तर एकच असेलच असे नाही.

आमच्याकडे काय?

अम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी त्याच्याही आधी गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही उतरली. या गाड्यांचे भाग, मिस्त्री आणि गिऱ्हाइके अजून आहेत. चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुना माल वजनावर तोडला जातो, तेव्हा त्यात एखादे न वापरलेले कंपनीचे खोके निघते. ते खोके फेकू नये, त्यावरचा पार्ट नंबर पुसू नये, एवढे तरी आमच्या व्यापाऱ्यांनी करावे. तोच भाग नंबरासह विकला तर किमतीत फरक पडतो.

शिवाय कायदाही आता या दिशेने आला आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये फी, पुढे नूतनीकरणाला ५ हजार, आणि नंबरात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे. अट मात्र कडक आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात फेरबदल झालेला नसावा. म्हणजे जुन्या गाडीत डिझेल इंजिन बसवण्याची आमच्याकडची जुनी सवय येथे नडणार. काम हाती घेणाऱ्या गॅरेजवाल्याने इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि जुन्या पुस्तकातील नोंद आधीच ताडून घ्यावी, काढलेला प्रत्येक भाग मालकाला दाखवावा, आणि बिलावर कंपनीचा जुना माल, नवा बनवलेला आणि दुरुस्त केलेला असे तीन वेगळे रकाने ठेवावेत. या नोंदणीच्या गाडीला प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशाच कामांसाठी रस्त्यावर येता येते; व्यापारी वापराला मनाई आहे. लग्नाच्या वरातीला भाड्याने लावण्यासाठी गाडी तयार करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी सांगावे.